परभणी जिल्ह्यातील हिवाळी पारध : पेहराव, वारा आणि गंध यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात राजकीय घडामोडी, संतपरंपरा, निजामी राजवट आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम या विषयांना योग्य ते स्थान मिळाले आहे. त्या मानाने सामान्य माणसाच्या नित्य व्यवहारातील ज्ञानाचा इतिहास उपेक्षित राहिला. पारध हा असाच एक विषय होय. शिकारीचा उल्लेख इतिहासग्रंथांत येतो तो दोनच संदर्भांत : एक तर राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा विलास म्हणून, नाही तर ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींचा उद्योग म्हणून. पोटासाठी पारध करणारा माणूस कडाक्याच्या थंडीत काय पांघरत होता, कोणत्या रंगाचे वस्त्र निवडत होता, आपल्या अंगाचा वास जनावरापर्यंत पोहोचू नये म्हणून कोणती दक्षता घेत होता, हे प्रश्न क्षुल्लक मानले गेले. वस्तुतः या प्रश्नांच्या उत्तरांत हवामान, वस्त्रव्यवसाय, जातिव्यवस्था आणि वसाहतकालीन सत्ता यांचे परस्परसंबंध एकवटलेले आहेत.

प्रस्तुत शोधनिबंधात परभणी जिल्ह्याचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून हिवाळी पारधीतील पेहराव व गंध यांचा विचार केला आहे. हिंगोली हा भाग १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच समाविष्ट होता. म्हणून ऐतिहासिक विवेचनात त्याचाही अंतर्भाव केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परभणी परिसरातील हिवाळ्याचे स्वरूप व पारधीची पद्धत यांतील संबंध तपासणे.
२. पेहरावाची निवड करताना ऊब, रंग व गंध या तीन गरजांचा मेळ कसा बसत होता ते स्पष्ट करणे.
३. दरबारी, वसाहतकालीन आणि प्रशासकीय साधनांनी या ज्ञानाची नोंद कशी केली याचे परीक्षण करणे.

संशोधन पद्धती

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, कायदे व भौगोलिक माहिती यांचा आधार घेतला आहे. पारध्यांनी स्वतः लिहिलेली जुनी साधने उपलब्ध नसल्याने, इतरांनी केलेल्या नोंदी आणि या भूप्रदेशाचे निसर्गनियम यांची सांगड घालून निष्कर्ष काढले आहेत.

‘पारध’ या शब्दाचा मागोवा

मराठीत आज ‘शिकार’ हा फारसीतून आलेला शब्द रूढ असला तरी ‘पारध’ हा शब्द त्याहून जुना आहे. प्राकृतातील ‘पारद्धि’ आणि संस्कृतातील ‘पापर्द्धि’ या शब्दांशी त्याचा संबंध जोडला जातो. संस्कृत रूपात ‘पाप’ आणि ‘ऋद्धि’ हे दोन्ही घटक दिसतात. निषेध आणि प्राप्ती यांचे हे एकत्र येणे समाजाच्या दृष्टिकोनाचे द्योतक मानावे लागेल.

हा द्विधाभाव मराठी वाङ्मयाच्या आरंभापासून आढळतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त पारध्यांच्या कुत्र्यांपासून जीव वाचविण्यासाठी धावत आलेल्या सशाला चक्रधरस्वामींनी अभय दिल्याची लीळा प्रसिद्ध आहे. अहिंसेचा उपदेश हा तिचा मुख्य आशय होय. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते : यादवकाळात कुत्र्यांच्या साह्याने केली जाणारी सशाची पारध ही लोकांच्या परिचयाची बाब होती. कुत्र्याचे नाक हे पारध्याचे साधन होते. मग जनावराचे नाक हा त्याच्यापुढील अडथळा होता, हेही ओघानेच आले.

परभणीचा हिवाळा आणि पारधीचा हंगाम

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसला आहे. जिंतूर तालुक्यातील डोंगररांगांचा अपवाद वगळता बहुतेक प्रदेश सपाट, काळ्या कसदार जमिनीचा आहे. जंगलाचे क्षेत्र अत्यल्प असून माळराने, गायराने, नाले आणि रब्बी ज्वारीची शेते हेच येथील वन्यजीवांचे मुख्य आश्रयस्थान राहिले. काळवीट, ससा, रानडुक्कर, तितर व लावा ही या प्रदेशातील पारधीची प्रमुख जनावरे व पाखरे होत.

पावसाळ्यात काळी जमीन चिखलाने भारी होते. तीतून चालणे कठीण आणि लपून चालणे तर अशक्य. कार्तिकानंतर वाटा सुकतात, खरिपाची पिके निघाल्याने रान मोकळे होते आणि निसवलेल्या ज्वारीकडे जनावरांचे कळप वळतात. पारधीला अनुकूल असा काळ त्यामुळे हिवाळ्यातच येत असे. मात्र हा हिवाळा वाटतो तितका सौम्य नाही. निरभ्र आकाश आणि उत्तरेकडून येणाऱ्या शीतलहरी यांमुळे परभणीचे किमान तापमान काही वर्षी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. राज्यातील नीचांकी तापमानाच्या नोंदींत परभणीचे नाव वारंवार येते ते याच कारणाने. दुपारी मात्र पारा २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो. पहाटे हुडहुडी आणि दुपारी घाम, असा एकाच दिवसातील हा टोकाचा फरक येथील पेहरावाच्या प्रश्नाचे मूळ आहे.

थंडी, वारा आणि गंध यांचे शास्त्र

वास म्हणजे हवेत मिसळलेले सूक्ष्म रासायनिक कण. थंडीत या द्रव्यांचे बाष्पीभवन मंदावते, म्हणून वास कमी सुटतो. परंतु थंड पहाटेची हवा जड व स्थिर असते. जमिनीलगतचा थंड थर वरच्या उबदार हवेत मिसळत नाही, त्यामुळे सुटलेला वास विरून न जाता खालीच साचून राहतो. दवाने ओलसर झालेल्या जमिनीवर तर तो अधिक काळ टिकतो. थंडीत वास सुटतो कमी, पण रेंगाळतो जास्त. या दुहेरी परिणामामुळे ‘थंडीत वासाची भीती नाही’ हा समज अपुरा ठरतो.

वाऱ्याचे वेळापत्रकही लक्षात घ्यावे लागते. मराठवाड्यात हिवाळी वारे साधारणतः ईशान्य व पूर्व दिशांकडून मंद वाहतात. रात्री व पहाटे ते जवळजवळ थांबतात आणि थंड हवा उतारावरून नाल्याकडे, नदीपात्राकडे हळूहळू घसरते. अशा वेळी उंचावरच्या माणसाचा वास खाली बसलेल्या जनावराला मिळतो. ऊन चढल्यावर जमीन तापते, हवा वर जाऊ लागते आणि क्रम उलटा होतो. सूर्योदयापूर्वी खालच्या अंगाने आणि ऊन चढल्यावर वरच्या अंगाने जनावराजवळ जाणे, हा नियम यातून निघतो. चिमूटभर माती किंवा राख सोडून वाऱ्याचा कल पाहण्याची युक्ती जगभरच्या पारध्यांना ठाऊक होती. तिला खर्च नव्हता आणि तिच्यावाचून उत्तम वस्त्रही निरुपयोगी होते.

तिसरी बाब माणसाच्या देहाची. ताज्या घामाला फारसा वास नसतो; त्वचेवरील जीवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वास निर्माण होतो. थंडीपासून बचावासाठी जाड कपडे घालून चालत गेल्यास अंगाला घाम येतो, आणि पुढे दबा धरून बसल्यावर तोच घाम थंडही वाजवतो व वासही पसरवतो. हिवाळ्यात कमी कपड्यांनिशी चालावे आणि बसल्यावर पांघरावे, हे तत्त्व ऊब व गंध या दोन्ही दृष्टींनी योग्य ठरते.

प्रत्येक जनावराच्या बाबतीत वासाचे महत्त्व सारखे नसते. रानडुकराची दृष्टी मंद, पण घ्राणशक्ती अतिशय तीव्र असते. उघड्या माळावरचे काळवीट प्रामुख्याने नजरेवर विसंबते. पाखरांच्या बाबतीत तर हालचाल आणि रंग यांनाच महत्त्व असते. म्हणजे कोणत्या जनावराची पारध करावयाची यावर पेहरावाचा विचार अवलंबून होता. डुकरासाठी वारा आधी पाहावयाचा, हरणासाठी रंग आणि चाल आधी.

घोंगडी : गरिबाचे वस्त्र, पारध्याचे साधन

या कसोट्या डोळ्यांसमोर ठेवून मराठवाड्यातील पारंपरिक हिवाळी वस्त्रांकडे पाहिले असता घोंगडीचे स्थान वेगळे असल्याचे दिसून येते. दख्खनी जातीच्या मेंढ्यांची लोकर, धनगरांनी केलेली कातरणी, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेला ताणा आणि सणगरांनी हातमागावर केलेले विणकाम यांतून घोंगडी तयार होते. तिचा काळा-करडा रंग बहुधा लोकरीचा नैसर्गिक रंग असतो. त्याला रंगाऱ्याची गरज नाही. काळ्या नांगरटीवर आणि पहाटेच्या अंधुक प्रकाशात हा रंग सहज मिसळून जातो. उलट पांढरे स्वच्छ धोतर वा पटका त्याच पार्श्वभूमीवर दुरून डोळ्यांत भरतो.

लोकरीचा दुसरा गुण ओलाव्यासंबंधीचा. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ओली भासत नाही. सुती कापड मात्र दवाने किंवा घामाने भिजले की अंगाला चिकटते आणि ऊब हरवते. लोकर घामाचा वासही स्वतःत धरून ठेवते. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यायामानंतर पॉलिस्टरच्या कपड्यांना सुती कपड्यांपेक्षा अधिक तीव्र दुर्गंधी येत असल्याचे आढळले. आज खेडोपाडी पोहोचलेली स्वस्त कृत्रिम धाग्याची जॅकेटे या एका बाबतीत जुन्या वस्त्रांच्या मागेच आहेत, असे म्हणता येईल.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे. घोंगडी शिवलेली नसते. चालताना ती खांद्यावर टाकता येते, बसल्यावर अंगाभोवती लपेटता येते, डोक्यावर खोळ करून घेता येते आणि आडोसा म्हणूनही धरता येते. चालताना कमी आणि बसल्यावर अधिक, हे वर सांगितलेले तत्त्व शिवलेल्या कोटापेक्षा न शिवलेल्या घोंगडीने अधिक सहजपणे साधते.

चौथी बाब गंधाची. घोंगडीला वास नसतो असे नाही. तिला मेंढरांचा वास असतो. परंतु ज्या माळावर वर्षानुवर्षे मेंढरे चरतात, तेथे हा वास परका नसतो. गंधनियंत्रणाचा अर्थ वास नाहीसा करणे एवढाच घेतला जातो. परिसरातील परिचित वासात मिसळून जाणे हा त्याचा दुसरा आणि अधिक साध्य असा मार्ग आहे. हरणांना धनगराची, गुराख्याची आणि बैलगाडीची सवय असते. बैलगाडीच्या आडोशाने, सरळ रोख न धरता तिरकस वाटेने काळविटाजवळ जाण्याची पद्धत वसाहतकालीन शिकारीग्रंथांत नोंदलेली आहे. पारधी समाजातील शिकवलेल्या बैलाचा वापर हेही याच तत्त्वाचे उदाहरण होय. बैलाआडून चालणाऱ्या माणसाची आकृती झाकली जाई आणि बैलाच्या वासात त्याचा वास हरवे. रोजच्या कामाचा पेहराव आणि रोजच्या कामाची जनावरे हाच येथील उत्तम शिकारी वेष होता.

दरबारी परंपरेतील नोंदी

हे ज्ञान दरबारी ग्रंथांत कसे उतरले याचा विचार करणे उद्बोधक ठरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा करताना मृगयेचे लाभ सांगितले आहेत. व्यायाम घडणे, कफ, पित्त, मेद व घाम यांचा नाश होणे, स्थिर व चल लक्ष्याचा सराव होणे आणि राग व भय यांच्या प्रसंगी जनावरांचे मन कळणे, हे ते लाभ होत. येथे घामाचा उल्लेख आहे, पण तो राजाच्या आरोग्यासंबंधी. त्या घामाचा वास जनावराला लागतो याची चिंता तेथे नाही, कारण राजाला जनावरापर्यंत नेण्याचे काम इतर करीत.

परभणीचा प्रदेश ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, त्या घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ दख्खनच्या सांस्कृतिक इतिहासाचे मोठे साधन आहे. गो. का. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेले त्याचे खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. राजाच्या विनोदांत मृगयेचा समावेश करून या ग्रंथाने हरणांच्या शिकारीच्या अनेक पद्धती सांगितल्या आहेत. माणसाळवलेल्या हरणांचा आमिष म्हणून उपयोग ही त्यांपैकी एक. ऋतुमानानुसार राजाने कोणती वस्त्रे वापरावीत याचेही त्यात विवेचन आहे. माणसाळवलेले हरिण तयार करणाऱ्या, जनावरांचा माग काढणाऱ्या माणसांचे ज्ञान असल्याशिवाय असा ग्रंथ सिद्ध होणे शक्य नव्हते. परंतु ग्रंथावर नाव राहिले ते राजाचे.

निजामी व वसाहतकालीन शिकार : पेहरावाचा दिखावा

परभणी हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. हिंगोली येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. तिच्या अधिकाऱ्यांनी दख्खनमधील शिकारीविषयी विपुल लेखन केले. कंटिन्जंटचा इतिहास लिहिणारे आर. जी. बर्टन यांचे दख्खनमधील शिकार व वन्यजीवन यांवरील पुस्तक १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रकारच्या लेखनात स्थानिक ‘शिकारी’ सतत सोबत असतो. माग तो काढतो, वारा तो पाहतो, पण कथेचा नायक साहेब असतो.

साहेबी शिकारी पेहरावाचे घटक तपासले असता त्यांतील पुष्कळसे भारतीय मुळांचे असल्याचे दिसते. ‘खाकी’ हा शब्द धूळ या अर्थाच्या फारसी ‘खाक’ शब्दावरून आला. हॅरी लम्सडेन यांनी १८४६ मध्ये उभारलेल्या गाइड्स पथकाने मातकट रंगाच्या गणवेशाचा पायंडा पाडला आणि १८५७ च्या उठावात अनेक पलटणींनी आपले पांढरे कपडे तशाच रंगात बुडवून घेतले. पायाला गुंडाळावयाच्या पट्ट्या हिमालयीन लोकांच्या पेहरावातून आल्या. ‘सोला हॅट’ ही शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून बनत असे. तिच्या नावाचा सूर्याशी काही संबंध नव्हता. मातीच्या रंगात मिसळण्याची कल्पना माळावरच्या माणसाला नवी नव्हती. ती गणवेशात आल्यावर मात्र तिला शास्त्राचा दर्जा मिळाला.

संस्थानी दरबाराची शिकार याहून वेगळी होती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची व्याघ्रशिकारीची ख्याती मोठी होती. लॉर्ड कर्झन १९०२ मध्ये हैदराबाद संस्थानात शिकारीस आले तेव्हाचे राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रशाळेचे चित्र सुप्रसिद्ध आहे. अशा छायाचित्रांतील पेहराव पाहता तो जनावरापासून लपण्यासाठी नसून छायाचित्रात दिसण्यासाठी होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. हाक्याच्या शिकारीत जनावर हाकून बंदुकीसमोर आणले जाई. त्यामुळे शिकाऱ्याच्या कपड्यांची निवड ही प्रतिष्ठेची बाब बनली. हिवाळ्यात हिना, शमामा यांसारखी उष्ण मानलेली अत्तरे वस्त्रांना लावण्याची रीत हैदराबादच्या उमरावांत होती. जो माणूस वाऱ्याचा कल पाहून पाऊल टाकतो त्याला असे अत्तर परवडत नाही, केवळ पैशानेच नव्हे तर कामाच्या दृष्टीनेही. दुसरीकडे हाका घालण्यासाठी पहाटेच्या थंडीत उभी केली जाणारी माणसे कित्येकदा वेठीची असत. त्यांच्या अंगावर काय होते याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

लंगोटी : वस्त्रावरून जातीचे नाव

पारधी समाजाच्या नोंदी प्रथम वंशशास्त्रीय ग्रंथांत आल्या. रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ १९१६ मध्ये, तर सय्यद सिराज उल हसन यांचा निजामाच्या मुलखातील जातिजमातींवरील ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. रसेल व हिरालाल यांच्या ग्रंथात फासेपारधी, लंगोटी पारधी, चित्तेवाले अशी पोटविभागांची नावे येतात. यांतील फासेपारधी हे नाव साधनावरून, चित्तेवाले हे जनावरावरून आणि लंगोटी पारधी हे पेहरावावरून पडले आहे.

येथे पेहरावाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. कमीत कमी वस्त्र हे दारिद्र्याचे लक्षण होते यात शंका नाही. परंतु काट्याकुट्यांतून रांगत जाणाऱ्या, घाम टाळू पाहणाऱ्या, कापडाची सळसळ नको असलेल्या माणसासाठी ते कामाचे वस्त्रही होते. नोंद करणाऱ्यांनी त्याकडे केवळ मागासलेपणाची खूण म्हणून पाहिले. आजही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली ‘लंगोली पारधी’ असे नाव आढळते. ते ‘लंगोटी’चेच बदललेले रूप असावे. वस्त्रावरून नाव पडले, नावाचे अक्षर बदलले आणि मूळ अर्थ हरवला.

याहून गंभीर परिणाम कायद्याचा झाला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्याची १९११ व १९२४ मधील रूपे आणि त्यांतून आलेली हजेरीची सक्ती यांमुळे पारध्यांचे फिरणे हाच गुन्हा ठरला. चाहूल न देता चालणे, माग काढणे, अंधारात मिसळून जाणारे पांघरूण घेणे, ही कौशल्ये साहेबासोबत असताना ‘शिकाऱ्याची हुशारी’ होती. एकट्याने केली की ती ‘चोराची लक्षणे’ ठरत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तथापि संशयाची ही दृष्टी कायद्याच्या पुस्तकातून गेली तरी गावाच्या वेशीवरून गेली नाही.

वन्यजीव संरक्षण आणि ज्ञानाचा प्रश्न

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आली आणि काळविटाला पहिल्या अनुसूचीतील सर्वोच्च संरक्षण मिळाले. हे संरक्षण आवश्यकच होते. दख्खनच्या माळावरून चित्ता नाहीसा झाला होता. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळढोकाची संख्या घटत होती. या हानीत बंदूक, मोटार आणि माळरानांची नांगरट यांचा वाटा मोठा होता. परंतु बंदी आली तेव्हा पारध्याच्या हाती दुसरे साधन देण्याची व्यवस्था झाली नाही. फासे गेले, आणि त्यांच्यासोबत वारा, वास व रान यांच्याविषयीचे ज्ञानही निरुपयोगी ठरले.

हे ज्ञान संवर्धनाच्या उपयोगी पडू शकते याची उदाहरणे आहेत. परभणी परिसरापासून फार दूर नसलेल्या अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन तणमोर पक्षी व त्याच्या गवताळ अधिवासाच्या रक्षणाचे काम केले आहे. मध्य प्रदेशातील पन्ना येथे पारधी तरुण पर्यटकांना जंगलवाटा दाखवितात.

व्यापक जगात या ज्ञानाचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून वास शोषण्यासाठी कोळशाचा थर असलेले शिकारी कपडे विकले जाऊ लागले. ते वास पूर्णपणे नाहीसा करतात या जाहिरातींविरुद्ध मिनेसोटा राज्यातील ग्राहकांनी २००७ मध्ये न्यायालयात दाद मागितली. जे काम वाऱ्याचा कल पाहून साधते ते कापडाकडून करून घेण्याचा हा प्रयत्न होता. जिम कॉर्बेट यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तकात याच्या उलट बाजू मांडली आहे. माणसाला वासाचे ज्ञान नसते हे वाघाला ठाऊक नसते, म्हणून तो माणसाच्या मागावर असतानाही वारा सांभाळूनच येतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. वाऱ्याचा नियम शिकारी आणि सावज या दोघांनाही सारखाच लागू असतो.

आजच्या परभणीत या विषयाने एक अनपेक्षित वळण घेतले आहे. रानडुकरे, रोही आणि हरणे यांच्यामुळे होणारे पिकांचे नुकसान ही मराठवाड्यातील शेतकऱ्यांची मोठी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या जातात आणि काही ठिकाणी न्हाव्याच्या दुकानातील केस बांधावर पसरले जातात. साड्यांचा रंग व फडफड हरणाच्या डोळ्यांसाठी. केसांतील माणसाचा वास डुकराच्या नाकासाठी. पूर्वी पारधी जनावराजवळ पोहोचण्यासाठी रंग आणि गंध लपवीत असे. आज शेतकरी जनावर दूर ठेवण्यासाठी तेच रंग आणि गंध उघड करतो. ज्ञान एकच आहे, फक्त त्याची दिशा बदलली आहे.

निष्कर्ष

१. परभणीच्या हिवाळ्यातील दिवस-रात्रीच्या तापमानातील मोठा फरक, उघडे माळरान आणि मंद वारे यांमुळे पेहराव, वारा व गंध यांचा एकत्रित विचार करणे पारधीत अनिवार्य होते.

२. घोंगडीसारखे स्थानिक, न शिवलेले, नैसर्गिक रंगाचे वस्त्र ऊब, आडोसा आणि परिचित गंध या तिन्ही गरजा भागविण्यास समर्थ होते. धनगर, सणगर व पारधी यांच्या ज्ञानाचा त्यात मेळ होता.

३. येथील गंधनियंत्रणाचे मर्म वास नष्ट करण्यात नसून वाऱ्याची बाजू राखण्यात आणि परिसराच्या वासात मिसळण्यात होते.

४. एकच ज्ञान दरबारी ग्रंथात राजाचा विनोद, शिकारीकथेत साहेबाचे शौर्य आणि पोलिसी दप्तरात गुन्ह्याचे लक्षण म्हणून नोंदले गेले. ते ज्यांचे होते त्यांच्या नावावर ते कोठेही लागले नाही.

५. शिकारीचे पुनरुज्जीवन हा या अभ्यासाचा हेतू नाही व असू शकत नाही. परंतु ज्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून वारा ओळखावयास शिकले ती पिढी आता वृद्ध झाली आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या समाजांचा मौखिक इतिहास त्यांच्या संमतीने व सन्मानाने नोंदविल्यास पीकरक्षण आणि माळरान संवर्धन या दोन्ही कामांना त्याचा उपयोग होईल. त्याचबरोबर ‘जन्मतः गुन्हेगार’ हा शिक्का ज्यांच्या माथी मारला गेला, त्यांची नोंद जिल्ह्याच्या इतिहासात जाणकार म्हणूनही होईल.